‘ओव्हरकोट’चं ध्वनिमुद्रण : कामाच्या नोंदी

४ जून

निकोलाय गोगोलची ‘ओव्हरकोट’ मराठीत वाचून ध्वनिमुद्रित करायला आजपासून सुरुवात केली. असंच काम कुणी हाती घेणार असेल तर त्याचा वेळ वाचावा, म्हणून या नोंदी.

हेच पुस्तक का, ते आधी सांगते. आत्याची नजर गेल्यापासून मी तिला पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देते. तिच्याकडून ती तिच्यासारख्याच आणखी काही जणांकडे जातात. रहस्यकथा झाल्या, चरित्रं झाली. मग तिनेच सांगितलं, “आता एखाद्या एकट्या माणसाचं रोजचं आयुष्य असलेलं काहीतरी दे. छोटं असू दे. फार काही घडलं नाही तरी चालेल.” बाकीच्यांनाही विचारलं तर जवळजवळ सगळ्यांनी मान डोलावली. त्याच टेबलाशी, त्याच वेळेला, तेच काम करणाऱ्या माणसाची गोष्ट ऐकणारे मध्येच सोडत नाहीत, हे आधीही माझ्या लक्षात आलं होतं. ते का, हे समजून घेतल्याशिवाय अशी गोष्ट मोठ्याने नीट वाचता येणार नाही.

‘ओव्हरकोट’ १८४२ मध्ये छापून आली. पीटर्सबर्गमधल्या एका सरकारी खात्यात कागदांच्या नकला उतरवणारा कारकून, अकाकी अकाकियेविच. पगार वर्षाला चारशे रूबल. घरी कुणी नाही, मित्र नाहीत. नक्कल करणं हेच काम आणि तीच हौस. एकूण लांबी मोठ्याने वाचायला दीड तासाच्या आसपास, म्हणजे एका बैठकीत ऐकून होते. ही गोष्ट छोटी असणं फार महत्त्वाचं आहे. असं आयुष्य चारशे पानं ताणलं तर ऐकणारा दमेल, आणि पाच पानांत उरकलं तर त्या आयुष्याची त्याला सवयच होणार नाही.

हक्कांबद्दल : गोगोल १८५२ मध्ये वारला, त्यामुळे मूळ लेखनावर आता कुणाचा हक्क नाही. भाषांतराचा हक्क मात्र वेगळा असतो, म्हणून छापील मराठी भाषांतर परवानगीशिवाय उचलायचं नाही. मी इझाबेल हॅपगुड आणि कॉन्स्टन्स गार्नेट यांची जुनी इंग्रजी भाषांतरं शेजारी ठेवून स्वतःचा खर्डा केला. या खर्ड्यालाच रेकॉर्डिंगपेक्षा जास्त वेळ गेला आहे, तेवढा हिशेबात धरा.

७ जून

खोली. माइक उसना मिळाला, सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, ते फुकट आहे. म्हणजे या कामाला पैसे लागले नाहीत, लागतो तो वेळ.

पंखा बंद, फ्रिज बंद (रेकॉर्डिंग संपल्यावर तो आठवणीने चालू करायचा, दारावर चिठ्ठी लावली आहे). पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड रजया टांगल्या. भिंती उघड्या असताना आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता, तो गेला. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला वळवून. समोर धरला की ‘प’ आणि ‘फ’ला वाऱ्याचा ठोका बसतो.

काही न बोलता खोलीचा एक मिनिटभर नुसता आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवला. तो पुढे लागतोच.

सेटिंग : मोनो, ४४.१ किलोहर्ट्‌झ. बोलत नसताना पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली राहायला हवी. दुपारी राहत नाही, पहाटे राहते. म्हणून वेळ पहाटेची ठरवली.

९ जून

सुरुवातीचा एक तृतीयांश हिस्सा वाचून झाला आणि सगळा बाद करावा लागला.

कारण तांत्रिक नव्हतं. या हिस्स्यात अकाकीचा नित्यक्रम येतो : कचेरी, नक्कल, घर, जेवण, पुन्हा नक्कल, झोप. मी तो भराभर वाचला. कोटाची गोष्ट पुढे आहे, ऐकणारे तिची वाट पाहत असतील, असं मनात धरून मी पुढे पळत होते. घड्याळ लावून पाहिलं तर या पानांवर माझा वेग मिनिटाला दीडशे शब्दांच्या वर गेला होता. पुढे शिंपी पेत्रोविच आल्यावर तो आपोआप एकशेवीसवर उतरला. म्हणजे घटना आली की सावकाश आणि रोजचं आलं की घाई.

दुसरा दोष आवाजातल्या कळवळ्याचा. “बिचारा” असं कुठेच न म्हणताही प्रत्येक वाक्य “बिचारा” म्हणत होतं. गोगोल तसं करत नाही. कचेरीतले तरुण कारकून अकाकीची टर उडवतात, डोक्यावर कागदाचे कपटे टाकून बर्फ पडतोय म्हणतात, तिथे तो जरूर थांबतो. पण अकाकीच्या कामाबद्दल लिहिताना त्याचा सूर कौतुकाचा आहे.

१२ जून

तरीही ते बाद रेकॉर्डिंग आत्याला ऐकवलं. म्हणाली, “अगं, तो इतक्या आवडीने लिहितोय आणि तू त्याला उठवायला आल्यासारखी काय वाचतेस?”

यापेक्षा नेमकी सूचना मला देता आली नसती. अशा गोष्टीत ऐकणाऱ्याला तो नित्यक्रमच हवा असतो. प्रस्तावना म्हणून तो उरकला की ज्यासाठी माणूस ही गोष्ट ऐकायला बसला तेच निसटतं. कुणीतरी एकटं आहे, रोज तेच करतं आहे, आणि त्या तेच करण्यात त्याचं मन पूर्ण रमलं आहे. हे पाहायला मिळणं दुर्मीळ आहे. आपल्या स्वतःच्या रोजच्या कामाकडे इतक्या बारकाईने कुणी कधी पाहिलेलं नसतं.

१५ जून

सुरुवातीपासून पुन्हा. या वेळी वेग सगळीकडे एकच, मिनिटाला साधारण एकशेवीस.

नकलेचा परिच्छेद सर्वांत जास्त वेळ खाणारा ठरला. त्यात अकाकीची काही अक्षरं लाडकी आहेत. ती आली की तो हरखतो, हसतो, डोळे मिचकावतो, ओठांनी लेखणीला मदत करतो, आणि लेखणी कुठलं अक्षर काढते आहे ते त्याच्या चेहऱ्यावर वाचता येईल असं वाटतं. मी आधी या वाक्यात हसू आणून वाचत होते. मग हसू काढून टाकलं आणि फक्त स्वल्पविरामांना पुरता वेळ दिला. ओठांची ती हालचाल आपोआप दिसायला लागली.

त्याच पानावर दुसरा प्रसंग. एक भला वरिष्ठ अकाकीला बढतीसारखं काम देतो : तयार मसुद्याचं शीर्षक बदलायचं आणि काही क्रियापदं प्रथमपुरुषातून तृतीयपुरुषात न्यायची. अकाकीला घाम फुटतो, कपाळ पुसत तो म्हणतो की नको, मला काहीतरी नकलायलाच द्या. त्यानंतर त्याला कायम नकलाच देतात. हा प्रसंग विनोदी करून वाचायचा मोह होतो, पण तो साधा वाचला तर घाम खरा वाटतो. आपल्या कामाची हद्द त्याला ठाऊक आहे आणि तिच्या आत तो सुखी आहे. ऐकणाऱ्याने इथे त्याच्या बाजूला बसायला हवं, समोर नाही.

रस्त्यातली जागाही अशीच. चालताना त्याला सगळीकडे आपल्या सरळ, नीटस ओळीच दिसत असतात. एखाद्या घोड्याने खांद्यावर तोंड टेकवून गालावर फुंकर मारली की मगच त्याला कळतं, आपण ओळीच्या मध्यावर नसून रस्त्याच्या मध्यावर आहोत. घोडा येईपर्यंत आवाजात काहीही बदल करायचा नाही. मी “आणि अचानक” असा सूर लावला की घोडा आधीच दिसतो.

१८ जून

आवाज जुळत नाही. पंधरा तारखेचा तुकडा आणि आजचा तुकडा शेजारी ठेवले तर दोन बायका वाचताहेत असं वाटतं. मधल्या दिवसांत थोडी सर्दी झाली होती, शिवाय आज उशिरा बसले. एरवीच्या कादंबरीत हे खपून जातं. इथे नाही, कारण सगळी भिस्त एकसारखेपणावर आहे आणि ऐकणाऱ्याचा कान बारीक बदलही टिपायला लागलेला असतो.

उपाय : रोज तीच वेळ, तीच खुर्ची, बसण्याआधी कोमट पाणी, आणि आधीच्या दिवसाची शेवटची दोन मिनिटं हेडफोनवर ऐकून मग सुरुवात. ऑडॅसिटीत ‘पंच अँड रोल’ अशी सोय आहे. आधीचे काही सेकंद ऐकू येतात आणि तुम्ही थांबलात तिथून रेकॉर्डिंग आपोआप चालू होतं. चूक झाली की लगेच तिथेच दुरुस्त होते, शिवाय सूरही धरता येतो. हे पहिल्या दिवसापासून वापरा. आधी मी चुकीच्या जागी चुटकी वाजवून खूण करत होते आणि नंतर त्या चुटक्या शोधत बसत होते, त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

सर्दीतला तुकडा पुन्हा वाचला.

२१ जून

बचतीचे महिने. गोष्टीतला माझा सर्वांत आवडता भाग.

पेत्रोविच जुना कोट दुरुस्त करायला नकार देतो आणि नव्या कोटाला ऐंशी रूबल लागणार असं ठरतं. चाळीस साठलेले आहेत : खर्चलेल्या प्रत्येक रूबलमागे तांब्याचं एक छोटं नाणं बाजूला टाकत टाकत, काही वर्षांत. उरलेले चाळीस आणायचे तर संध्याकाळचा चहा बंद, मेणबत्ती बंद, उजेड हवाच असेल तर घरमालकिणीच्या खोलीत. रस्त्यावरून जवळजवळ चवड्यांवर चालायचं, म्हणजे बुटांचे तळ झिजणार नाहीत. घरी आल्यावर कपडे काढून फक्त जुना झगा घालायचा, म्हणजे धुलाई वाचते.

हे सगळं वाचताना कळलं की गोगोल यादी देत असला तरी ऐकणाऱ्याला ती यादी वाटत नाही. कारण आधीच्या पानांत प्रत्येक गोष्टीची जागा लावून दिलेली आहे. तो संध्याकाळी काय करतो, कसा चालतो, हे आपल्याला पाठ झालेलं असतं. त्यामुळे ‘चहा बंद’ हे दोन शब्द ऐकले की एक अख्खी संध्याकाळ हलल्यासारखी वाटते. नित्यक्रम घाईने वाचला असता तर इथे काहीच हललं नसतं.

आणि मग ते वाक्य : कोटाच्या विचारात असताना एकदा नक्कल करताना त्याच्या हातून चूक होता होता राहते. तो जवळजवळ मोठ्याने “अरे!” म्हणतो आणि छातीवर क्रूस काढतो. चूक होत नाही, फक्त होता होता राहते. दुसऱ्या कुठल्या कथानकात ही गोष्ट नोंदवण्याजोगीही ठरणार नाही. इथे वाचताना माझाच श्वास अडखळला आणि तो रेकॉर्डिंगमध्ये आला. काढला नाही.

२४ जून

अकाकीचं बोलणं. तो वाक्य पुरं करत नाही. अव्ययं आणि अर्थ नसलेले शब्द एकापुढे एक ठेवतो आणि मग आपण सगळं सांगून झालो असं समजून गप्प बसतो. मी “म्हणजे ते आपलं... तसं बघायला गेलं तर...” या वळणावर नेलं. रडवेला स्वर अजिबात नाही, तो फक्त बोलायची सवय नसलेला माणूस आहे. पूर्ण वाक्यं तो लेखणीने उतरवतो, तीही दुसऱ्यांची.

पेत्रोविचसाठी वेगळा आवाज काढून पाहिला, दिवसभरात सोडून दिला. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट आहे ही, त्यात नाटक शिरलं की अकाकीचा एकटेपणा जातो. खोलीत माणसं झाल्यासारखी वाटतात. पेत्रोविचला त्याची तंबाखूची डबी पुरेशी आहे. डबीवर कुठल्यातरी सेनापतीचं चित्र, चेहऱ्याच्या जागी बोटाने भोक पडलेलं आणि त्यावर कागदाचा चौकोनी तुकडा डकवलेला. ती सावकाश वाचली.

२७ जून

कोट मिळतो, त्याच रात्री चोरीला जातो. हा भाग तांत्रिकदृष्ट्या सोपा गेला. चौकातली दोन मिशीवाली माणसं, ओढाताण, बर्फात पडणं, हे कुणालाही वाचता येतं.

आत्याला कच्चं रेकॉर्डिंग दिलं आणि मी शेजारी बसून राहिले. चोरीला ती स्तब्ध होती. तिला अंदाज आलाच होता. दुसऱ्या दिवशीबद्दल गोगोल जाता जाता सांगतो की अकाकी कचेरीत गेला नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. तिथे ती एकदम म्हणाली, “अगं बाई, कचेरीत गेला नाही?” आणि मला थांबवायला लावलं.

थोड्या वेळाने म्हणाली, “दुपारीच कळायला हवं होतं. नवा कोट आला त्या दिवशी जेवण झाल्यावर तो लिहायला बसला नव्हता.” हे तिने बरोबर पकडलं. गोगोलने एवढंच लिहिलं आहे की त्या दिवशी जेवणानंतर त्याने काहीही उतरवलं नाही, अंधार पडेपर्यंत तो बिछान्यावर लोळला. मी ते वाचलं तेव्हा आनंदाची जागा म्हणून वाचलं होतं. आनंद आहेच. पण रोजचं लिहिणं पहिल्यांदा चुकलं ते तिथे. तो तुकडा पुन्हा वाचला, कुठलाच सूर न लावता, म्हणजे दोन्ही गोष्टी ऐकणाऱ्याकडे पोचतील.

१ जुलै

संपादन. इथे सर्वांत जास्त वेळ वाया गेला.

लांबी कमी व्हावी म्हणून ‘ट्रंकेट सायलेन्स’ वापरलं. हे ठरावीक लांबीपेक्षा मोठ्या शांत जागा आपोआप छाटतं. काही मिनिटं वाचली आणि गोष्ट गेली. कचेरी सुटून घरी येणं, जेवून पुन्हा कागद काढणं, यांच्यामध्ये जो श्वास होता तो नाहीसा झाला आणि दिवस एकमेकांना चिकटले. ऐकताना दम लागत होता. एका माणसाच्या दिवसात रिकामा वेळ किती आहे, हे सांगायला या गोष्टीत त्या शांत जागाच आहेत. सगळं मागे घेतलं (मूळ फाइल वेगळी ठेवा, नेहमी).

मग हाताने बसले. परिच्छेदांमधली जागा दीड सेकंदाच्या आसपास सगळीकडे सारखी केली. दिवस बदलतो तिथे थोडी जास्त. जिथे खोकला, खुर्चीचा आवाज वगैरे काढला तिथे पूर्ण शून्य शांतता न टाकता सात तारखेला रेकॉर्ड केलेला खोलीचा आवाज भरला. शून्य शांतता टाकली की ऐकणाऱ्याला यंत्र बंद पडल्यासारखं वाटतं.

मागचा गोंगाट कमी करणारं ‘नॉइज रिडक्शन’ही हलकंच. जास्त दिलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि ‘स’, ‘श’ खरखरतात. पहाटेची वेळ पाळली तिथे त्याची गरजही पडली नाही.

८ जुलै

शेवटचा भाग. अकाकी मरतो. त्याच्या मागे उरतं ते : हंसाच्या पिसांच्या लेखण्यांची एक जुडी, कोऱ्या सरकारी कागदांचा एक दस्ता, मोज्यांचे तीन जोड, विजारीची दोनतीन बटणं आणि तो जुना कोट. खात्यात बातमी पोचते ती दफनानंतर चौथ्या दिवशी. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा कारकून बसलेला असतो, उंचीने बराच जास्त, आणि त्याची अक्षरं तितकी उभी नसतात, तिरकी असतात.

या तिरक्या अक्षरांसाठी सगळं काम केलं असं मला वाटतं. ज्याने नकलेचा परिच्छेद नीट ऐकला असेल त्यालाच ती दिसतील. शेवटी अकाकीचं भूत येतं त्या प्रसंगाला ऐकणारे दचकतात, तो वाचायला मजाही येते, पण फोनवर माझ्याशी ज्यांनी बोलणं केलं त्यांच्यातले बहुतेक या नव्या कारकुनाबद्दल बोलले. एकजण म्हणाले की तिरकी अक्षरं ऐकून त्यांना राग आला, आणि राग कुणाचा ते कळेना.

११ जुलै

पक्क्या फाइली. सरासरी पातळी उणे २० डेसिबलच्या जवळ, सर्वोच्च उणे ३च्या आत, एमपी३, १९२ केबीपीएस. एक सलग फाइल आणि एक भाग पाडलेली. मूळ गोष्टीत प्रकरणं नाहीत, पण न बघता ऐकणाऱ्याला मागे जाऊन एखादी जागा शोधायची तर खुणा लागतात. म्हणून डेझी (न बघता ऐकणाऱ्यांसाठीच्या बोलक्या पुस्तकांची पद्धत) पद्धतीने मथळे घालून तिसरी प्रतही केली आहे. मथळे अगदी साधे : कचेरी, शिंपी, बचत, कोट, चौक, बडी असामी (चोरीनंतर अकाकी ज्याच्याकडे दाद मागतो तो अधिकारी), त्यानंतर. भाग पाडताना कुठेही वाक्याच्या शेवटी आवाज उचलू नका, “पुढे काय?” असा. पुढच्या भागात माणूस उत्सुकतेने जात नाही, तो त्याच खोलीत परत जातो.

पुढचं काम ठरलं आहे : मेलव्हिलचा ‘बार्टलबी’, १८५३. तोही नकलनवीस, न्यूयॉर्कमधल्या वकिलाच्या कचेरीतला. पण ती गोष्ट वकील स्वतः सांगतो, आणि नकला करणारा हळूहळू नकार द्यायला लागतो. म्हणजे इथे सांगणाऱ्याचा आवाज बदलत जायला हवा आणि बार्टलबीचा अजिबात नाही. हक्क तपासून झाले. खर्डा सुरू केला आहे.